एका व्यक्तीसाठी

पाळकसाहेबांनी डोळे मिटून आत्मपरीक्षण करायला सांगितलं आणि पुढच्याच क्षणी अख्खं चर्च प्लास्टिकशी झटापट करू लागलं.

प्रत्येकाच्या हातात प्रभुभोजनाची अंगठ्याएवढी एक डबी होती. वर पारदर्शक पापुद्रा, त्याखाली पावाऐवजी नाण्याएवढी पांढरी चकती. चकतीखाली चंदेरी पापुद्रा आणि त्याखाली घोटभर द्राक्षरस. डबी कशी उघडायची ते उपासनेआधी बाबांच्या थोरल्या मुलाने पुढे उभं राहून समजावलं होतं. थोरला शाळेत हेडमास्तर होता आणि मंडळीचा सेक्रेटरीही, त्यामुळे सूचना देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "आधी वरचा, मग खालचा. दोन्ही एकदम ओढायचे नाहीत," असं त्याने तीन वेळा बजावलं होतं.

मंडळींनी दोन्ही एकदम ओढले.

चर्रर्र, टर्रर्र, मध्येच "अगं बाई!" आणि कुणाची तरी दाबलेली शिंक. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी खिशातून चिमटा काढून स्वतःची डबी उघडली, मग शेजाऱ्याची, मग बाकावरल्या सगळ्यांची. खुद्द थोरल्याच्या डबीतला रस उडाला तो थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर हृदयाच्या जागी. ऑर्गनजवळ बसलेल्या त्याच्या आत्याने ते पाहिलं. ती तोंडात रुमाल कोंबून वाकली आणि तिचं कोपर ऑर्गनच्या पट्ट्यांवर पडलं. त्या एका दणक्याने ज्यांच्या डब्या उघडल्या नव्हत्या त्यांच्याही उघडल्या.

शेवटच्या बाकावर थोरल्याचा धाकटा भाऊ बाबांशेजारी बसला होता. दीड वर्षाने घरी आलेला हा मुलगा मोठ्या शहरात जाहिराती लिहायचा, आणि चर्चमध्ये यायचा तो फक्त बाबांना वाईट वाटू नये म्हणून. त्याने डबी उलटी करून तळाची बारीक अक्षरं वाचली. 'एका व्यक्तीसाठी. उघडताच सेवन करावे.'

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांची डबी त्यांच्या तळहातावर तशीच होती.

"उघडून देऊ?"

"राहू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली.

*

मंडळीच्या सभागृहाला रंग देणं चालू होतं, म्हणून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक त्या दिवशी बाबांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. तसंही पंचांपैकी पाळकसाहेब सोडले तर बाकी सगळे याच घरातले: बाबा, आत्या, थोरला आणि थोरली सून. घराणेशाही वगैरे काही नव्हती. दरवर्षी निवडणूक जाहीर व्हायची आणि दरवर्षी उरलेल्या मंडळींना नेमकी त्याच दिवशी महत्त्वाची कामं निघायची.

प्रश्न एवढाच होता: यापुढे प्रभुभोजनाला डबी ठेवायची की बाबांचा पाव.

बाबा पाववाले. घराच्या मागच्या अंगाला भट्टी होती. त्यांच्या वडिलांनी बांधलेली, आजोबांनी आखलेली. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण महिन्यातून एकदा, भोजनाच्या आदल्या दिवशी, भट्टी अजून पेटायची. धुराड्यातून धूर निघाला की शेजारपाजारचे कॅलेंडर न बघता म्हणायचे, उद्या भोजन आहे.

स्वयंपाकघरात थोरली सून मनातल्या मनात मतं मोजत कोंबडीवर रस्सा ओतत होती. ती दवाखान्यात परिचारिका होती. मंडळीतला निम्मा सर्दी-खोकला त्या एका पेल्यातून आणि एका ताटातून फिरतो, असं तिचं अनेक वर्षांचं मत होतं. ती आणि नवरा डबीच्या बाजूने. आत्याबाई आणि बाबा पावाच्या. उरले पाळकसाहेब. ते नुकतेच पाळकांच्या सेमिनरीतून शिकून आलेले, गालावरची लव अजून नीट दाढी न झालेली. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं.

"म्हणजे शेवटी बोलायला हवं," ती पुटपुटली.

"काय म्हणालात, वहिनी?" धाकटा कोपऱ्यात बटाटे सोलत होता.

"म्हटलं, जाड सोलताय. कधी जाणार परत?"

"उद्या. आलोच नसतो खरं तर. आत्याचा फोन आला की बाबा आता काही दिवसांचेच सोबती आहेत. मी धापा टाकत पोचलो तर बाबा शिडीवर. धुराडं साफ करत होते."

थोरल्या सुनेचा हात थांबला. "आत्याबाईंनी बोलावलं तुम्हाला?"

"हो. आणि आल्या आल्या म्हणाली, मेला नाही ना तुझा बाप, मग तोंड पाडतोस कशाला? आता आलाच आहेस तर रविवारच्या बैठकीत चार शब्द बोल."

"आणि बोलणार तुम्ही?"

धाकट्याने बटाटा पाण्यात टाकला. "बोलणं हाच धंदा आहे माझा, वहिनी."

तिने रश्शाचं भांडं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं. दाराआडून आत्याचं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आत्याला कमी ऐकू यायचं, पण कुठे कमी आणि कुठे जास्त ते तीच ठरवायची.

*

सूप संपेपर्यंत बैठक सुरू करायची नाही, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. थोरल्याने मान्य केलं आणि शेवटचा चमचा खाली ठेवता ठेवता म्हणाला, "विषय पहिला."

शर्टावरचा डाग झाकायला त्याने नॅपकिन गळ्यात अडकवला होता, त्यामुळे तो नेहमीपेक्षा कमी भारदस्त दिसत होता. "डबीचा प्रयोग आज झाला. काही किरकोळ अडचणी आल्या—"

"किरकोळ?" आत्या म्हणाली. "डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर रस उडाला. त्यांना वाटलं दृष्टी गेली. मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनापासून केली."

"सवय होईल, आत्या. जगभर चालतं हे. स्वच्छ, सोपं, वाया काही जात नाही."

"आणि जंतूही फिरत नाहीत," थोरली सून म्हणाली. "भावना कितीही पवित्र असल्या तरी जंतू जंतूच असतात."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. ते पटलं त्यांना.

"मी बोलू का?" धाकट्याने विचारलं.

"तू पंच नाहीस," थोरला म्हणाला.

"पाहुणा म्हणून बोलतो."

"पाहुणाच आहेस म्हणा," थोरला ताटाकडे बघत म्हणाला.  आई गेल्यापासून दोघांत सरळ वाक्य झालं नव्हतं. धाकटा अंत्यविधीला आला आणि दुसऱ्याच दिवशी गेला, त्यानंतर फोनही निम्मे उचलले नाहीत. थोरल्याने पुढे फोन करणं सोडलं.

"बोलू दे त्याला," आत्या म्हणाली. "पंचांनी पाहुण्याचं ऐकायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

धाकटा उभा राहिला नाही. उलट खुर्चीत मागे रेलला, ऑफिसात तो असाच बसायचा.

"मी काय विकतो, सांगतो. सध्या एक केक विकतोय. वाढदिवसाचा. एका माणसाचा. छोट्या डब्यात येतो, वर मेणबत्ती चिकटवलेलीच असते. डबा उघडायचा, फुंकर मारायची, खायचा. त्याची ओळ मी लिहिली. 'वाटून घ्यायची गरज नाही.' बक्षीस मिळालं मला त्या ओळीला."

"अरे देवा," थोरली सून म्हणाली.

"हसू नका वहिनी, हातोहात खपतो. सूपही तसंच विकलं मी, एका कपाचं. सिनेमा एका पडद्याचा, गाणं एका कानाचं. त्या सगळ्या शहरात कुणाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही, कुणाला 'जरा ते मीठ दे' म्हणावं लागत नाही. मी स्वतः रोज रात्री असाच जेवतो, पडद्यासमोर, डब्यातून. वाईट नसतं जेवण. पण आज ती डबी उलटी केली आणि माझ्याच धंद्याची अक्षरं दिसली. एका व्यक्तीसाठी. मला वाटलं होतं, जगात एक तरी जागा असेल जिथे हे मी अजून विकलेलं नाही."

पाळकसाहेबांनी काटा खाली ठेवला होता. थोरली सूनही हात थांबवून ऐकत होती.

"तू देव मानतोस?" थोरल्याने विचारलं.

"माहीत नाही. पण बाबांच्या पावाचा तुकडा तोडून शेजाऱ्याला द्यायचा, हे मानतो."

"मानतोस तर येत का नाहीस तोडायला?"

 प्रश्न टाळून धाकट्याने खिशातून फोन काढला. "हे बघा. गेल्या महिन्यात आत्याने पाठवलेला बाबांच्या पावाचा फोटो. आमच्या ऑफिसात मोठा करून भिंतीवर लावलाय. खाली एकच शब्द लिहिलाय, 'अस्सल'. नवीन पोरांना मी तोच दाखवतो, की बाबांनो, हे असं असतं, याची नक्कल करता येत नाही."

आत्याला अचानक ठसका लागला.

"मलाही तो पाव आठवतो," पाळकसाहेब भारावून म्हणाले. "त्यावर तर मी प्रवचन केलं. घड्याळजी रडले होते."

"मतं घेऊ या," आत्या घाईघाईने म्हणाली. "पावाच्या बाजूने मी."

"मी..." थोरली सून नवऱ्याकडे बघायचं टाळत म्हणाली, "पाव चालेल मला. पण मोडण्याआधी पाळकसाहेबांनी हात धुवायचे. साबणाने."

"तू?" थोरला ओरडला.

"मी केकचा विचार करतेय हो. वर मेणबत्ती चिकटवलेली! कसंतरीच झालं मला."

"मीही पावाच्या बाजूने," पाळकसाहेब म्हणाले.

धाकटा जिंकला होता. अशी बाजी मारून नेल्यावर तो नेहमी पाण्याचा घोट घ्यायचा, तसा त्याने घेतला. मग सगळे बाबांकडे वळले. केवळ शिष्टाचार म्हणून, मत तर ठरलेलंच होतं.

बाबा बटाटा कापायचा प्रयत्न करत होते. सुरी ताटावर खडखडत होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"माझं मत डबीला," ते म्हणाले.

*

आत्या सगळ्यांत आधी सावरली. "भाऊला ऐकू आलं नाही विषय काय ते."

"ऐकू तुला येत नाही. मला येतं."

"बाबा, तुमच्या हातचा पाव—" धाकटा म्हणाला.

"माझ्या हातचा नाही तो."

"भाऊ, गप्प बस."

"किती दिवस गप्प बसू?" बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते हलत होते, आणि त्यांनी ते हलू दिले. "या हातांनी आता मळवत नाही. मोठ्या दुकानातला आहे. तो गोल मिळतो ना, न कापलेला. वरचा कागद काढायचा. भट्टीत जरा गरम करायचा. वर पीठ भुरभुरायचं."

"पीठ मी भुरभुरते," आत्या म्हणाली. सांगायचंच तर सगळं नीट सांगावं, असा तिचा सूर होता.

धाकट्याने फोनकडे पाहिलं. "आणि हा?"

"फोटो चांगला आला होता की."

"आत्या! भिंतीवर आहे तो! अस्सल म्हणून!"

"पाळकसाहेब, तुम्हाला पाणी हवंय का?" थोरल्या सुनेने विचारलं, कारण पाळकसाहेबांचा रंग उतरला होता.

"प्रवचनात मी म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले, "की या पावाच्या सालीवर आपल्या बाबांच्या हातांच्या रेषा उमटल्यात. मी तो वर उचलून दाखवला होता."

"ते साच्याचे वळ होते," बाबा म्हणाले. "मला तेव्हाच सांगायचं होतं. पण घड्याळजी रडत होते."

आधी हसली ती थोरली सून. तिने आवरायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग आत्याही सुटली. पाळकसाहेबांनी नॅपकिन तोंडावर धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. धाकट्याला हसावं की फोन फेकावा कळेना. फक्त थोरला हसत नव्हता आणि बाबा हसत नव्हते.

"मला माहीत होतं," थोरला म्हणाला.

हसू थांबलं.

"मी साबण आणायला गेलो होतो. बाबा पावांच्या फळीसमोर होते. टोपी कानांपर्यंत ओढलेली. एकेक पाव उचलायचे, तळाला बोटाने टिचकी मारायचे, कानाजवळ नेऊन ऐकायचे. आयुष्यभर त्या पावाला कापूस म्हणाले, आणि त्यातल्या त्यात बरा कुठला ते शोधत होते. मी कपड्यांच्या साबणाच्या खोक्यांमागे लपलो. ते जाईपर्यंत तिथेच उभा होतो. शाळेतली दोन पोरं भेटली, त्यांना वाटलं मी चोरी पकडायला थांबलोय."

"मला सांगितलं नाहीत?" थोरली सून म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू औषध आणलं असतंस."

"मग आणायलाच हवं होतं की!"

"तेच ना. घरभर झालं असतं. नंतर मंडळीत. डबी आली की पावाचा विषयच संपणार होता. कुणी काही विचारलं नसतं, बाबांना खाली मान घालावी लागली नसती. सगळे मला शिव्या देणार, तेवढं चालणार होतं." त्याने गळ्यातला नॅपकिन ओढून काढला. "पण मला बोलता येत नाही असं खुर्चीत रेलून."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "मला वाटलं तुला भट्टी बुजवायचीये. गाडी ठेवायला जागा नाही म्हणत होतास."

"गाडी ठेवायला जागा नाहीच आहे. ते वेगळं."

थोरली सून एकाएकी उठून सासऱ्यांच्या खुर्चीशी गेली. "म्हणून ताट पुढे सरकवता ना तुम्ही? भोजनाच्या वेळी. मी बघते. मला वाटायचं तुम्हाला गिळायला त्रास होतो."

बाबांनी कोटाच्या खिशातून ती न उघडलेली डबी काढून टेबलावर ठेवली.

"फसवून आणलेला पाव मी कसा खाऊ? सगळ्यांना वाढला आणि मी बाजूला राहिलो. आज म्हटलं, यात माझी काही लबाडी नाही, ही तर खरीच बाहेरून आलेली. पण हातच उचलला नाही." ते पाळकसाहेबांकडे वळले. "एवढे महिने सगळ्यांनी जे भोजन घेतलं ते खोटं झालं का?"

आत्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता. पीठ भुरभुरताना तिला गंमतच वाटायची.

 "सेमिनरीत यावर एक तास झाला होता," पाळकसाहेब म्हणाले. "मला त्या दिवशी ताप होता."

कुणी हसलं नाही, म्हणून त्यांना पुढे बोलावंच लागलं. शेवटी बोलणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"खोटं नाही झालं. पाव कुठल्या भट्टीतला, हे मी प्रार्थनेत विचारलंच नव्हतं, आणि ज्याच्या नावाने मोडला त्यानेही विचारलं असेल असं वाटत नाही. माझं प्रवचन खोटं झालं, ते मी निस्तरेन. पण बाबा, तुम्ही बाजूला बसलात हे मात्र बरोबर नाही. ज्याच्याकडून चूक होत नाही अशा माणसासाठी ते टेबल मांडलेलंच नाही. तसं असतं तर मीसुद्धा बाहेर उभा राहिलो असतो. आणि आत्याबाई तर रस्त्यापलीकडे."

"हे बरं बोललात," आत्या म्हणाली. तिने डोळे टिपले आणि लगेच कामाला लागली. "तर ठराव. पाव राहील. भट्टी राहील. भाऊ सांगेल आणि ही दोघं मळतील. हा फार बोलला म्हणून हा मळेल. आणि तू काहीच बोलला नाहीस म्हणून तू."

"मी उद्या निघतोय," धाकटा म्हणाला.

"हो का? मग भिंतीवरच्या त्या फोटोखाली काय लिहिणार आता?"

 तिने आपल्याला फोन केला तो पावासाठी नव्हताच, हे धाकट्याच्या आत्ता लक्षात आलं. आत्या शांतपणे कोंबडीची तंगडी वाढून घेत होती.

भोजन पुढच्याच रविवारी पुन्हा घ्यायचं असं ठरलं. थोरल्याने विचारलं, ठरावाच्या विरोधात कुणी आहे का? बाबांनी हात वर केला, सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याच हाताने डोकं खाजवलं.

*

धाकट्याने ऑफिसात फोन करून सांगितलं की येता येणार नाही, पाव मळायचाय. साहेबिणीला वाटलं मनःशांतीचं शिबिर आहे. तिने काळजी घ्यायला सांगितलं आणि स्वतःसाठी पत्ता मागितला.

शनिवारी भट्टी पेटली. बाबा स्टुलावर, हात मांडीवर. दोघं भाऊ लाकडी परातीशी समोरासमोर, कोपरापर्यंत पिठात. थोरल्याने पाणी मोजून घातलं आणि धाकट्याने अंदाजाने, म्हणजे दोघांनीही घातलं.

"पातळ झालं," बाबा म्हणाले. "पीठ घाला."

दोघांनीही पीठ घातलं.

"तळव्याने ढकला. बोटांनी काय गुदगुल्या करताय?"

दोघं तळव्याने ढकलू लागले.

"फोन तरी उचलायचास," थोरला पिठाकडे बघत म्हणाला. "आई गेल्यावर मी पंधरवडाभर रोज करत होतो."

"उचलला की तू विचारायचास, कधी येतोस."

"मग काय विचारायला हवं होतं?"

"माहीत नाही, दादा. इथे आलो की ती नाही हे दिसतं. तिथे राहिलं की वाटतं, असेल इथे."

थोरल्याचे हात थांबले. मग तो परातीवर वाकला आणि जरुरीपेक्षा जास्त जोराने मळू लागला. "मी रोज बघतो ती नाही ते," तो म्हणाला. "एकटाच बघतो."

धाकट्याने पिठाने माखलेला हात पुढे केला, कुठे ठेवावा ते न कळून भावाच्या मनगटावर ठेवला. घड्याळाच्या काचेवर पीठ बसलं. थोरल्याने ते पाहिलं आणि पुसलं नाही.

"रडायचं तर बाहेर जा," बाबा स्टुलावरून म्हणाले. "पिठात नाक गळेल." आणि त्यांनी स्वतःचं नाक कोटाच्या बाहीला पुसलं.

*

रविवारी पांढऱ्या कापडाखालून जो पाव निघाला तो एका बाजूला फुगलेला आणि दुसऱ्या बाजूला बसलेला होता. पाळकसाहेबांनी आधी मंडळींना सगळं सांगून टाकलं, साच्याच्या वळांसकट.  मग घड्याळजी उठून म्हणाले की आपण रडलो ते परत घेणार नाही, आणि सगळं चर्च हसलं.

पाव मोडेना. पाळकसाहेबांनी एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा दात आवळून लावला. शेवटी थोरल्याने पुढे जाऊन एक बाजू धरली, पाळकसाहेबांनी दुसरी, आणि दोघांनी मिळून तो तोडला. तुकडे ताटात पडले तेव्हा खडखडले.

ताट बाकाबाकांवरून फिरत शेवटच्या रांगेत आलं. आता बाबांशेजारी येऊन बसलेल्या थोरल्याने स्वतः एक तुकडा घेतला आणि ताट बाबांपुढे धरलं. पलीकडे धाकटा होता. बाबांनी ताटाकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. थोरली सून पुढच्या बाकावरून मान वळवून बघत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत होती.

बाबांच्या हाताने एक तुकडा उचलला. तो तोंडापर्यंत नीट पोचायला वेळ लागला. ते चावू लागले. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ नाही," ते म्हणाले.

"तू म्हणालास घातलंय," थोरला कुजबुजला.

"मी म्हणालो, घाल," धाकटा कुजबुजला.

"माझ्याकडे बघून म्हणाला होतास, घातलंय!"

"दादा, तू परातीशी होतास!"

"शू!" थोरल्या सुनेने पुढून डोळे वटारले.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दोघा भावांच्या मधे बसलेल्या बाबांनी ताट अजून पुढे जाऊ दिलं नव्हतं. डोळे मिटलेले ठेवूनच त्यांनी हात लांबवला, ताटात चाचपलं, आणि दुसरा तुकडा उचलून तोंडात टाकला.